१९५१ च्या शेव्हर्ले पिकअपच्या फाळक्यासाठी कडी: मूळ पत्र्याला भोक न पाडता

प्रश्न: करवीर_जुनीगाडी
नमस्कार. आमच्याकडे १९५१ सालची शेव्हर्ले ३१०० पिकअप आहे. शिवडीला १९२८ ते १९५४ या काळात जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता, त्या काळातली ही गाडी. मूळ रचनेप्रमाणे मागचा फाळका दोन्ही बाजूंच्या साखळ्या आणि आकड्यांवरच बंद होतो. आकडे झिजल्यामुळे तो सतत खडखडतो आणि गतिरोधकावर डावी साखळी निसटते. साखळ्या तशाच ठेवून, फाळका घट्ट धरणारी वेगळी कडी उद्यमनगरातून करून घेण्याचा विचार आहे. मात्र पत्र्याला भोक पाडायचे नाही आणि फाळक्यावर उठवलेल्या अक्षरांच्या मध्ये मूठही आणायची नाही. कडीची रचना कशी असावी आणि लोखंड किती जाड घ्यावे?

उत्तर: लेथ_आणि_कानस
भोक टाळायचे असेल तर हौद्याच्या कडेवर, फाळक्याला लागून, खुंट रोवण्यासाठी जे चौकोनी खण मुळातच आहेत त्यांचा उपयोग करावा. खणात सैलसर बसेल असा चौकोनी पाइप घ्यावा आणि त्याच्या खालच्या टोकाला तिरप्या कापाचा तुकडा देऊन वरून लांब बोल्टने आवळावा. जुन्या सायकलचे हँडल आतल्या आत जसे घट्ट होते, तीच ही युक्ती. पाइपच्या माथ्यावर आडव्या सरकत्या कडीचे घर वेल्ड करावे (गाडीपासून दूर, टेबलावर), म्हणजे कडीची जीभ (सरकणारी सळई) फाळक्याच्या बाहेरच्या अंगावर येईल आणि फाळक्याला काहीच जोडावे लागणार नाही. १२ मिमी गोल सळई पुरेशी वाटते.

उत्तर: ताण_आणि_भार
खणांची कल्पना उत्तम आहे, पण १२ मिमीबाबत माझे मत वेगळे आहे. इथे जीभ घराबाहेर लोंबत राहते, त्यामुळे ती कातरली जाण्यापेक्षा वाकण्याची भीती अधिक. १:१० च्या चढावर ३०० किलो मालाचा मागे येणारा भार जेमतेम ३० किलो असतो, तोही तळाच्या घर्षणाने कमी होतो. खरा मार खड्ड्यांतल्या हिसक्यांचा. १६ मिमी चौरस सळईची वाकण्याला विरोध करण्याची ताकद १२ मिमी गोल सळईच्या सुमारे चौपट भरते, शिवाय चौरस जीभ घरात फिरत नाही. साधे माइल्ड स्टील चालेल. जीभ घराबाहेर २० मिमीपेक्षा जास्त येऊ देऊ नये.

उत्तर: करवीर_जुनीगाडी
आभारी आहे. खडखड थांबण्यासाठी जिभेला उतार द्यावा असे फॅब्रिकेटर म्हणतात. किती अंश द्यावा?

उत्तर: लेथ_आणि_कानस
तेलकट लोखंडावर घर्षणाचा कोन साधारण ६ ते ८ अंश असतो. उतार त्याहून जास्त ठेवला तर हादऱ्यांनी जीभ मागे सरकते, आणि फार कमी ठेवला तर चिखल-गंजाने अशी अडकते की हातोडीच लागते. म्हणून जीभ उतारावर टेकून राहू नये. उतार फक्त टोकाच्या ८-१० मिमीत, फाळका आत ओढण्यापुरता, १५ अंशांच्या आसपास द्यावा आणि मागचा भाग सपाट ठेवावा, म्हणजे भार सपाट भागावर येतो. फाळक्यामागे रबराचे बफर मात्र हवेतच, कारण कडी कितीही नेमकी केली तरी खडखड शोषून घेणार आहे ते रबर.

उत्तर: ताण_आणि_भार
एक भर घालतो. असमान रस्त्यावर चौकट पिळते आणि तिच्याबरोबर हौदाही, त्यामुळे दोन्ही कड्या एका दांड्याने जोडून एकाच मुठीवर चालवण्याच्या मोहात पडू नये. दोन्ही स्वतंत्र ठेवाव्यात आणि घर पाइपला थेट वेल्ड करण्याऐवजी लांबट भोकांतून बोल्टने बसवावे, म्हणजे बसवताना दोन-तीन मिमी इकडेतिकडे करता येईल. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून फाळका उघडून-मिटून पाहावा. स्प्रिंग स्टेनलेसची घ्यावी. जीभ बंद असताना तिच्यातून आरपार जाणारी एक पिन द्यावी आणि प्रवासात साखळ्याही लावलेल्या असाव्यात.