गंभीर आरोपात खटल्याआधी जामीन कशावर ठरतो?

प्रश्न: दोष सिद्ध झालेला नसताना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील (यूएपीए) आरोपी वर्षानुवर्षे तुरुंगात का राहतात? न्यायालय नेमके काय तपासते?

प्रतिसाद १: एरवी अजामीनपात्र गुन्ह्यात आरोपाचे गांभीर्य, आरोपी फरार होण्याची शक्यता आणि साक्षीदारांवर दबाव येण्याची भीती पाहिली जाते. या कायद्यात २००८ साली आलेल्या कलम ४३ड(५) नुसार मात्र आरोप सकृद्दर्शनी खरा मानण्यास वाजवी कारण दिसले, तर जामीन देता येत नाही. त्यातच वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या टप्प्यावर पुराव्यांची सखोल छाननी करू नये असे म्हटले, त्यामुळे उलटतपासणीच्या कसोटीवर न उतरलेली कागदपत्रेच आरोपीला आत ठेवण्यास पुरेशी ठरतात, आणि मला हीच या कलमाची सर्वांत जाचक बाजू वाटते.

प्रतिसाद २: चित्र अपुरे आहे. नजीब प्रकरणात आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते; तेव्हा, खटला वाजवी मुदतीत संपण्याची शक्यता नसेल तर हे कलम मूलभूत हक्कांच्या आधारे जामीन देण्याचा घटनात्मक न्यायालयांचा (म्हणजे उच्च व सर्वोच्च न्यायालयांचा) अधिकार हिरावून घेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. दुर्दैवाने हा दिलासा सर्वांना सारख्या प्रमाणात मिळालेला नाही.

प्रतिसाद ३: तपासाची मुदतही लक्षात ठेवावी. ९० दिवसांत, किंवा न्यायालयाने वाढवून दिल्यास १८० दिवसांत, आरोपपत्र दाखल झाले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. मात्र आरोपपत्र येण्यापूर्वीच त्यासाठी अर्ज करावा लागतो.