मेजर ज्युनियरमधून कॉलेज हॉकी: तुम्ही मुलाला पाठवाल का?

मिसिसॉगाकर आई
आमचा धाकटा 15 वर्षांचा, डिफेन्समध्ये खेळतो. (हॉकी म्हणजे बर्फावरची. सांगलीच्या आजीला अजून ध्यानचंदवालीच वाटते.) आजवर इथला, म्हणजे कॅनडातला, हिशेब सोपा होता. अमेरिकेतल्या कॉलेजात खेळायचं असेल तर ओएचएल (ऑन्टारियोची), डब्ल्यूएचएल (पश्चिमेकडची) आणि क्वेबेकची लीग, म्हणजे साधारण 16 ते 20 वर्षांच्या पोरांच्या 'मेजर ज्युनियर' लीग, या तिन्हींच्या वाटेला जायचं नाही. तिथे पोरांना भत्ता मिळतो, म्हणून एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था) त्यांना व्यावसायिक धरायची. नोव्हेंबर 2024 मध्ये तो नियम गेला आणि ऑगस्ट 2025 पासून दार उघडलं. गेव्हिन मॅकेना हा नावाजलेला खेळाडू डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट संघातून अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात गेला. घरात सगळे खूश, मी सोडून. कॉलेजात हाणामारी केली तर खेळाडू सामन्याबाहेर, शिवाय पुढचा सामनाही बुडतो. ओएचएलमध्ये बहुतेक वेळा पाच मिनिटं बसून पुन्हा बर्फावर. मग सोळाव्या वर्षी त्या आखाड्यात पोरगं कशाला ढकलायचं?

जुना_लेफ्टविंग
ताई, आखाडा वगैरे जरा जास्तच होतंय. ओएचएलमध्ये हंगामात तीनपेक्षा जास्त मारामाऱ्या झाल्या की सामन्यांची बंदी येते. क्वेबेकने तर 2023 पासून मारामारी केली की थेट बाहेरच काढायला सुरुवात केली. आणि एक कडू सत्य: समोरच्याला ठोसे खायची भीती असली की तो मागून बोर्डवर (रिंकच्या कडेच्या भिंतीवर) ढकलत नाही. मी बारा वर्षं खेळलोय. मान मोडायची ती मागून बसलेल्या धक्क्याने, समोरून आलेल्या ठोशाने नाही.

मिसिसॉगाकर आई
मग कॉलेजात त्या भीतीवाचून सगळ्यांच्या माना मोडतायत का, दादा?

जुना_लेफ्टविंग
तिथे तोंडभर जाळी असते. जाळी असली की काठ्या वर येतात, हेही बघितलंय.

रिंकबाहेरचा_डॉक्टर
ठोसा फारसा लागत नाहीच. एका हाताने जर्सी धरलेली, दुसरा हात हवेत, निम्मे ठोसे हेल्मेटवर. धोका असतो तो नंतर: दोघेही पात्यांवर उभे, एकाचा तोल जातो आणि डोक्याची मागची बाजू बर्फावर. ऑन्टारियोतल्या डॉन सँडरसनचं हेल्मेट भांडणात निघालं, डोकं आपटलं आणि 2 जानेवारी 2009 ला तो गेला. वय 21. त्यानंतर ओएचएलने भांडताना हेल्मेट काढायला बंदी घातली. पण हनुवटीचा पट्टा सैल असेल तर काढायची गरजच पडत नाही.

जुना_लेफ्टविंग
सँडरसन सिनियर म्हणजे मोठ्यांच्या लीगमध्ये होता, ज्युनियरमध्ये नाही. उदाहरण देताना एवढं तरी सांगा.

रिंकबाहेरचा_डॉक्टर
मान्य. बर्फ मात्र तोच. डेरेक बूगार्डचं घ्या, तो डब्ल्यूएचएलमधूनच वर आला. 28 व्या वर्षी गेला. मृत्यूचं कारण औषधं आणि दारूचं मिश्रण होतं, पण मेंदू तपासल्यावर सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला. फक्त मारामारीमुळे झाला असं म्हणणार नाही, पण एनएचएलमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, त्याला घेतलं होतं ते मारामारीसाठीच.

कॅल्गरीचा_बाबा
सगळे मारामारीत अडकलात, खरी चुरस जागांची आहे. कॉलेजच्या संघात साधारण 25-26 जण. आता त्याच जागांसाठी मेजर ज्युनियरमधून 20 वर्षांचे तयार गडी येणार. कोच 17 वर्षांच्या पोराला म्हणणार, 'दोन वर्षं कुठेतरी खेळून ये.' ते 'कुठेतरी' म्हणजे ओएचएलच. पूर्वी 'आम्हाला कॉलेजला जायचंय' म्हणून नाही म्हणता यायचं, आता ती सबबही गेली. शिवाय तिथे खेळलेल्या हंगामामागे साधारण एका वर्षाची फी मिळते. नोकरी गेलेल्या घराला ती नाकारा म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

मिसिसॉगाकर आई
फीचं पटलं. सबबीचं त्याहून जास्त, मी तीच दोन वर्षं वापरत होते.

परवा सरावानंतर त्याच्या हनुवटीचा पट्टा बघितला. दोन बोटं सहज आत गेली. म्हणाला, 'सगळे असाच ठेवतात, आई.'

जुना_लेफ्टविंग
एक बोट. त्याला म्हणावं, एकच बोट जायला हवं. बाकी आपलं भांडण चालू राहू द्या.