मदत हवी आहे: जोडून सुट्टी, कडक ऊन आणि परसातली फुलझाडं माना टाकतायत

वैतागलेला_वाफा
लवकर उत्तर हवंय. शनि-रवि-सोम सुट्टी आहे, पारा चाळिशीला टेकलाय आणि मागच्या वाफ्यांतली फुलझाडं मलूल पडलीत. सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घालतोय तरी तीच तऱ्हा. रविवारी घरी माणसं यायचीत, तोवर जरा टवटवीत दिसायला हवीत. पाणी वाढवू का? मुद्द्याचं सांगा, गूगल मीही केलंय.

अंगणवेल
कुठली झाडं? ऊन किती वेळ असतं? माती कशी आहे? फोटो टाका.

टायमरदादा
सुट्टीत बाहेरगावी जायचं तर ठिबक आणि नळाला बॅटरीवरचा टायमर, दुसरा उपायच नाही. पहाटे ५ ला सुरू होईल असा लावा. निघायच्या आदल्या दिवशी एकदा चालवून बघा, जोड निसटला तर सगळं पाणी एकाच कोपऱ्यात जातं.

वैतागलेला_वाफा
मी कुठेही जात नाहीये हो. माणसं माझ्याकडे येतायत. आणि झाडं साधीच आहेत, फुलांची.

कुदळ_फावडं
'साधीच, फुलांची' म्हणजे डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय, अंगात' म्हणण्यातला प्रकार. नावं सांगा की राव.

मडकंप्रेमी
वाफ्यात मातीचं भाजलेलं, बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर झाकण. माती कोरडी पडेल तसं पाणी आपोआप झिरपतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीही हे करत. टायमर-बिमर सगळे चोचले आहेत.

टायमरदादा
फुललेल्या वाफ्यात मडक्याएवढा खड्डा खणा आणि मुळं तोडा, छान उपाय.

हिरवी_बोटं
मूठभर युरिया फेका आणि पाणी द्या. दोन दिवसांत हिरवंगार.

अंगणवेल
कृपा करून असलं काही करू नका! पाण्याने हैराण झालेल्या झाडाला या उन्हात खत म्हणजे मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जाणार, पानांच्या कडा करपणार. खत ऊन उतरल्यावर. धागाकर्ते, नावं?

वैतागलेला_वाफा
झिनिया आणि पेटुनिया. झिनिया भिंतीकडेच्या वाफ्यात, पेटुनिया खालच्या बाजूला. फोटो चढत नाहीये. पाणी वाढवू की नको, एवढं एकच विचारलं होतं.

उन्हातान्हात
तुम्ही दुपारी पाणी घालता का? थेंब भिंगासारखे काम करतात आणि पानं जळतात. आमच्याकडे अशीच जळली.

कुदळ_फावडं
हे भिंगाचं प्रकरण किती वर्षं चालणार? २०१० मध्ये हंगेरीच्या संशोधकांनी तपासून पाहिलंय. गुळगुळीत पानावरचा थेंब पान जाळत नाही. मेणचट केसांवर थेंब अधांतरी राहतो अशा पानांचा अपवाद, त्यांनी पाण्यावर तरंगणारं एक नेचं घेतलं होतं. दुपारी पाणी टाळायचं ते वाफ होऊन वाया जातं म्हणून.

उन्हातान्हात
पेटुनियाच्या पानांवर केस असतात. बघा हात लावून.

कुदळ_फावडं
असतात, पण चिकट. थेंब अधांतरी राहत नाही, पसरतो. आणि तुमची पानं नळीतल्या पाण्याने भाजली असतील. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते आधी बादलीत सोडायचं.

सावली२२
अवांतर: माझ्या मोगऱ्याला पानं भरपूर पण कळी नाही. काय करू?

अंगणवेल
@वैतागलेला_वाफा, सकाळी उठल्या उठल्या, ऊन यायच्या आत बघा. दोन्ही वाफे पडलेले असतात की एकच? आणि बोट दोन पेरं आत घालून ओल बघा. वरून बघून कळत नाही.

वैतागलेला_वाफा
आज सकाळी पाहिलं. झिनिया ताठ होत्या, अकरानंतर पडतात. पेटुनिया सकाळीही पडलेल्याच. तिथे बोट घातलं तर चिखल, जरा कुबट वासही येतोय. झिनियांकडे वर ओलं, खाली भुगा.

अंगणवेल
मग वाफे दोन, दुखणी दोन. झिनिया दुपारी माना टाकतात कारण पानांतून जातं तेवढं पाणी मुळं त्या वेळी ओढू शकत नाहीत. संध्याकाळी सावरतात. पण तुमचं पाणी खाली पोचतच नाहीये. रोजचं शिंपणं बंद. बागकामाच्या काट्याने माती हलकी टोचा, सकाळी सावकाश पाणी सोडा, थांबा, जिरू द्या, परत सोडा. चौरस मीटरला २५ लिटर म्हणजे २५ मिमी पावसाएवढं, मातीप्रमाणे चार-पाच दिवस पुरावं. वर दोन-तीन इंच पाचोळा, खोडापासून चार बोटं लांब.
पेटुनियाला मात्र आजपासून थेंब नाही. एक रोप उपटून मूळ चिमटीत धरून ओढा.

मडकंप्रेमी
मडकं असतं तर ही वेळच आली नसती.

वैतागलेला_वाफा
ओढलं. तपकिरी साल सरकन निघून हातात आली आणि आत दोऱ्यासारखं पांढरं उरलं. बाकीची रोपं उपटू का? आणि रविवारचं काय?

अंगणवेल
मूळकूज. ज्यांची खोडं बुडाशी मऊ झाली ती काढा, ती वाचत नाहीत. खोड कडक आहे त्यांना वापसा येईपर्यंत (म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर होईपर्यंत) तसंच राहू द्या, दुपारी जुन्या चादरीची सावली करा. निरोगी शेंड्यांचे तीन-चार इंचांचे तुकडे ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवा, काही तरी लागतील. त्या जागी पेटुनिया लगेच नको. खालची बाजू म्हणताय, वरच्या वाफ्याचं पाणीही तिथेच उतरत असणार, माती उंच करून घ्या. रविवारसाठी रिकाम्या जागी कुंड्या मांडा आणि झिनियांची वाळकी फुलं खुडा. माणसांना सकाळी बोलवा.

वैतागलेला_वाफा
दुपारी बोलावलंय. बघतो, चादर शोधतो.

टायमरदादा
वाफे दोन असतील तर दोन तोंडांचा टायमर मिळतो, प्रत्येकाची वेळ वेगळी लावता येते.

सावली२२
मोगऱ्याचं कोणी सांगेल का?

कुदळ_फावडं
ऊन किती तास? छाटला कधी होता? नवीन धागा काढा, आणि त्यात हे आधीच लिहा.