चढवणे, उठवणे, लिहिणे: राऊटरच्या बाबतीत नेमका शब्द कोणता?

कानामात्रा: राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीची लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली) चालवण्याच्या सूचना मराठीत आणतेय, आणि एका वाक्यावर गाडं अडलंय. आशय असा: इमेज (प्रणालीची तयार फाइल) आधी पेनड्राइव्हवरून बूट करून, म्हणजे सुरू करून पाहा, सगळं नीट चाललं तरच फ्लॅश करा, म्हणजे राऊटरच्या कायमच्या मेमरीत लिहा. पहिल्यासाठी मी 'चढवा' लिहिलं, दुसऱ्यासाठी 'लिहा'. तपासणारे म्हणतात, 'चढवणे' म्हणजे कायमचं बसवणे. वाचणारा पहिल्याच पायरीला मूळ फर्मवेअर (राऊटरमध्ये आधीपासून असलेली प्रणाली) पुसून बसेल. मी तर तो शब्द तात्पुरत्या अर्थानेच ऐकलाय.

उपरणं: तपासणारे बरोबर आहेत. वहीत नाव चढलं की खोडल्याशिवाय जात नाही.

कानामात्रा: आणि अंगावर सदरा चढवला तर? तो उतरतोच ना. आवाज चढतो, नशा चढते, मुखवटा चढवतात. यातलं कायमचं काय?

अर्धविराम: दोन्ही खरं. वहीत नाव चढतं तेव्हा वहीच बदलते; सदऱ्याने अंग बदलत नाही. सूचनेत हाच फरक दाखवायचाय, म्हणजे नेमका हाच शब्द टाळायला हवा.

तारजोड्या: यंत्रात काय होतं ते आधी बघा. क्रिया दोन नाहीत, तीन आहेत. यू-बूट म्हणजे बूटलोडर, राऊटरची प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. त्याच्या कन्सोलवर 'यूएसबी स्टार्ट' दिलं की पेनड्राइव्ह दिसतो. मग 'फॅटलोड': फॅट स्वरूपातल्या पेनड्राइव्हवरची फाइल उचलून रॅममध्ये दिलेल्या पत्त्यावर ठेवायची. अजून काहीच चालू झालेलं नसतं. मग 'बूटएम', तेव्हा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, उठतो. इमेज इनिटरॅमएफएस प्रकारची असेल तर सगळा संसार रॅममध्येच, वीज काढली की गायब, आणि फ्लॅशमधलं मूळ फर्मवेअर जसंच्या तसं. फ्लॅशवर लिहिण्याचं काम 'सिसअपग्रेड'चं. आम्ही बोलताना म्हणतो: रॅममध्ये घे, उठव, मग फ्लॅश मार. (यू-बूटमध्ये यूएसबीची सोयच नसलेले राऊटर पुष्कळ आहेत, तिथे टीएफटीपीने नेटवर्कवरून हेच करतात.)

दुवाशोधक: 'मार' वाचून नवशिका पळून जाईल!

उपरणं: मुळात 'बूट' का ठेवायचा? बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःच स्वतःला वर ओढायचं, ही इंग्रजी कल्पना. आपल्याकडे त्यासाठी 'आत्मोद्धार' तयार आहे. फ्लॅश करण्याला 'अंकन', फर्मवेअरला 'स्थिराज्ञावली'.

तारजोड्या: आता हा नवा बूट कुणी काढला! 'राऊटरचा आत्मोद्धार करा' वाचून माणूस सिरियल केबल काढून ठेवेल आणि जपाला बसेल.

दुवाशोधक: फर्मवेअरला प्रतिशब्द हवाच कशाला? मला तर त्यात 'फर्मान' दिसतं. निर्मात्याने काढायचं, यंत्राने पाळायचं.

अर्धविराम: ऐकायला झकास, पण नातं नाही. अ‍ॅशर ऑपलर यांनी 1967 मध्ये हा शब्द घडवला, हार्ड आणि सॉफ्टच्या मधलं ते 'फर्म'. त्यांचा रोख प्रोसेसरमधल्या मायक्रोकोडवर होता. राऊटरमधल्या अख्ख्या लिनक्सला तो नंतर चिकटला. तेव्हा 'स्थिर' म्हणणंही आता कितपत बरोबर? जे बदलायला आपण निघालोय त्यालाच स्थिर म्हणायचं!

दुवाशोधक: नातं नसलं तरी लक्षात राहायला बरं. आणि शुद्धतेचं म्हणाल तर शिवकाळात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश झाला होता. तरी कागद, वकील, तारीख आजही आहेत.

उपरणं: आणि 'दिनांक' रोज लिहिता त्याचं काय? कुणी वापरलाच नाही तर शब्द रुळणार कसा? पहिल्यांदा ऐकताना सगळेच शब्द हास्यास्पद वाटतात.

कानामात्रा: मंडळी, माझं वाक्य! 'इमेज रॅममध्ये घ्या आणि तिथूनच सुरू करा. फ्लॅशवर काहीही लिहिलं जात नाही.' चालेल?

तारजोड्या: जवळपास. मात्र दर वेळी पेनड्राइव्हवरूनच सुरू व्हावं म्हणून कुणी 'बूटकमांड' (सुरू होताना आपोआप चालणारी आज्ञा) बदलून 'सेव्हएन्व्ह' (बदल जतन करणारी आज्ञा) दिलं, तर ती नोंद बहुतेक राऊटरमध्ये फ्लॅशवरच जाते. तिथे तुमचं 'काहीही' खोटं पडतं. आणि त्या ओळीत चूक राहिली, कन्सोलही जोडलेला नसला, की राऊटरची वीट होते आणि मालकाला वीट येतो.

उपरणं: 'वीट होणे' हे सरळसरळ इंग्रजीवरून उचललेलं. 'निकामी होणे' काय वाईट आहे?

अर्धविराम: निकामी म्हणजे हार्डवेअर गेलेलं वाटतं. वीट पुन्हा जिवंत करता येते, बूटलोडर शाबूत असेल तर. बाकी तुम्ही सगळे 'तो राऊटर' म्हणताय, मी आजवर 'ते राऊटर' म्हणत आलोय.

दुवाशोधक: यंत्र म्हणून नपुंसकलिंग? मग पेनड्राइव्ह 'तो' कसा? मी 'ती' म्हणते.

तारजोड्या: 'ती'?? कुठे म्हणतात 'ती पेनड्राइव्ह'?

दुवाशोधक: स्टिक 'ती', मेमरी 'ती', मग हीच एकटी 'तो' का?

उपरणं: म्हणूनच म्हणतो, आपला शब्द असता तर लिंगाचा वाद झालाच नसता.

अर्धविराम: 'वीणा' स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, ते सांगा आधी.