गिझरने कोणाकोणाला छळलं? खान्देशकरांनो, अनुभव टाका

थंडी पडली की आमच्या गल्लीतले सगळे गिझर एकदमच आजारी पडतात, म्हणून हा धागा. सुरुवात मीच करतो.

जळगाव : पंधरा लिटरचा गिझर, थंड पाण्याच्या पाइपवर पितळी सेफ्टी व्हॉल्व, त्यातून रोज सकाळी टिपटिप. प्लंबर म्हणे बंदच करून टाकू, आणि त्या तोंडात चक्क प्लग ठोकला. मी पण खूश! संध्याकाळी भाऊ आला, तो कारखान्यात बॉयलरवर असतो, त्याने आधी स्विच पाडला मग मला झापलं. पाणी 25 वरून 65 डिग्रीवर गेलं की पंधरा लिटरमागे पाव लिटर जागा जास्त मागतं, व्हॉल्वमध्येच नॉन रिटर्न असल्यामुळे ते मागं टाकीकडे जाऊ शकत नाही, मग जाईल कुठं? तापताना टिपकणं हे त्याचं कामच आहे भो. उद्या थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज बंद करणारा) चिकटला तर तेवढीच एक वाट. आता नळी जोडून मोरीत सोडलीय.

भुसावळ : आमच्याकडे गिझर बंद असला तरी धार चालूच. गच्चीवरची टाकी धुतली त्यानंतरच सुरू झालं हे बायकोने ओळखलं, मी नाही. पाणी गार असताना व्हॉल्वचा लिव्हर दोन-तीनदा उचलला, गढूळ पाण्याबरोबर रेतीचा कण निघाला, संपलं. नवीन व्हॉल्वचे पैसे वाचले.

अमळनेर : बोअरचं पाणी, काय सांगू. भरताची वांगी भाजताना कपाशीच्या काड्या तडतडतात ना, अगदी तसा आवाज गिझरमधून यायचा आणि पाणी तापायला दुप्पट वेळ. चौथ्या वर्षी उघडला तर कॉइलवर चुन्याचा बोटभर थर, तळाला तांब्याभर पांढरा भुगा. कॉइल रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, थर आपोआप सुटला. पण खरी गंमत पुढेच, त्या कारागिराने एक गंजकी तार दाखवली, म्हणे ताई हा मॅग्नेशियमचा रॉड होता. टाकीऐवजी तो झिजतो, तो संपला की टाकीची पाळी. चार वर्षांत आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं!

धुळे : शॉवर धरला की झिणझिण्या. आई म्हणायची थंडीने होतं. कॉइलला तडा गेलेला, आणि तीन पिनचा सॉकेट असून भिंतीत अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती. दोन्ही दुरुस्त केलं, वर 30 मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवली. तोवर आंघोळ चुलीवरच्या पाण्याने.

शिरपूर : पाणीच तापेना. कटआउट (पाणी फारच तापलं की वीज तोडणारा) पडलेला, बटण दाबलं की चालू. तिसऱ्यांदा पडला तेव्हा दाबणं थांबवलं आणि थर्मोस्टॅट बदलला.

जळगाव : अमळनेरच्या ताई, रॉड काढायला पूर्ण गिझर भिंतीवरून उतरवावा लागला का? आमचाही आता पाच वर्षांचा झालाय.