‘उघडा अस्थिभंग’ म्हटलं की वाचणाऱ्याला काय कळतं?

गोदाकाठची
नाशिकच्या एका रुग्णालयात नोंदी आणि कोडिंगचं काम करते. संमतीपत्राच्या मराठी मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘खालच्या जबड्याच्या डाव्या कोनाचा उघडा अस्थिभंग’. मुलगा बावीस वर्षांचा, इथल्या द्वारका चौकाजवळ दुचाकीवरून पडलेला. आईने कागद वाचला, ‘उघडा’वर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ताई, याचं तोंड तर उघडतच नाही. चमचासुद्धा आत जात नाही.” मी गप्प झाले. ती बरोबर वाचत होती, चुकलं होतं माझं मराठी.
आमच्या कामात हा शब्द गाळून चालत नाही. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आणि जखमांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीत, खालच्या जबड्याचं फ्रॅक्चर एस०२.६. त्यापुढे बंद असेल तर ०, उघडं असेल तर १. नोंदीत काहीच लिहिलेलं नसेल तर बंद धरायचं, असा नियम. म्हणजे डॉक्टर लिहायला विसरले की जखम कागदावर सौम्य होते. तर यासाठी मराठीत काय म्हणाल?

दातांचा डॉक्टर
ताई, हे मला रोज समजावून सांगावं लागतं. जबड्याला जिथे दात आहेत तिथे हाड मोडलं की वरची हिरडीही फाटते आणि मोडलेली जागा थेट तोंडात उघडी पडते. लाळ, अन्न, जंतू, सगळं आत. बाहेर गालावर ओरखडा नसला तरी ते फ्रॅक्चर उघडंच. कोन म्हणजे अक्कलदाढेच्या मागे जिथे हाड कानाकडे वर वळतं ती जागा. तिथेही दाढ असेल तर हेच. कानापुढच्या सांध्याजवळ मोडलं तर बहुतेक वेळा बंद. मी पेशंटला सांगतो, “हाड मोडलंय आणि जखम तोंडात उघडी आहे.” एका शब्दाचा हट्ट मी सोडला.

वैद्यबुवा
हट्ट सोडायची गरज नाही. सुश्रुतसंहितेत शब्द तयार आहे: सव्रण भग्न, म्हणजे जखमेसह मोडलेलं हाड. निदानस्थानात संधिमुक्त (सांधा निखळणं) सहा आणि कांडभग्न (हाड मोडणं) बारा प्रकारचे सांगितलेत, चिकित्सास्थानात सव्रण भग्नाचा स्वतंत्र विचार आहे. आपल्या घरात शब्द असताना ‘उघडा’ हे शब्दशः भाषांतर कशाला?

आडगावकर
वैद्यबुवा, आदर ठेवून सांगतो. आज मराठीत व्रण म्हणजे बऱ्या झालेल्या जखमेची खूण. माझ्या कपाळावर आहे, चौथीत पायरीवर आपटलो होतो. त्या माऊलीने ‘सव्रण’ वाचलं असतं तर तिला वाटलं असतं, पोराला आधीचीच काही खूण आहे.

वैद्यबुवा
शब्द वापरातून घसरला असेल तर वापरूनच जागेवर आणायचा. टाकून दिलात तर परिभाषा उभी राहणार कशी?

आडगावकर
परिभाषा पुस्तकात उभी राहू द्या. सही करणाऱ्या बाईच्या हातातला कागद ती शिकवण्याची जागा नाही.

निफाडची लेक
मला तर ‘जबडा’सुद्धा पुस्तकी वाटतो. आमची आजी दाभाड म्हणायची. बैलाच्या गालाखाली हात फिरवून सांगायची, “दाभाड सुजलंय, दाढेपाशी गाठ आहे.” दगडासारखी टणक गाठ, मीही चाचपून पाहिली होती.

शब्दवेडा
आमच्याकडे जाभाड. जाभाड, जबडा आणि जांभई एकाच कुळातले, संस्कृत जंभ-जृंभ यांच्या घरचे, असं माझं मत. दाभाडातला ‘द’ दाढेने दिला असावा.

सातपूरची मास्तरीण
आणि जबड्याचा संस्कृत शब्द हनू, ती कुठे गेली? हनुवटीत ती अजून आहे. आपल्यापासून तासाभराच्या आत अंजनेरी. इंद्राच्या वज्राने हनू मोडली म्हणून तो हनुमान, आणि वाल्मीकींनी डावी हनू असं स्पष्ट सांगितलंय.

हंपीवारीकर
जन्मस्थान अंजनेरी हे तुम्ही गृहीत धरलंत. तिकडे हंपीजवळ अंजनाद्रीही आहे.

सातपूरची मास्तरीण
तो वाद २०२२ मध्ये नाशिकने पुरेसा पाहिलाय. मी शब्दाबद्दल बोलतेय.

गोदाकाठची
बाई, ‘डावी’ वाचून गलबलले. अमेरिकी पद्धतीच्या आयसीडी-१०-सीएममध्ये कोनाच्या फ्रॅक्चरला बाजूनुसार वेगळा कोड असतो: उजवा एस०२.६५१, डावा एस०२.६५२. मी तसल्या प्रकल्पावर दोन वर्षं होते. बाजू न लिहिलेल्या नोंदी सतत यायच्या.

कोर्टाची पायरी
आणखी एक घोळ. लोक मोडण्याला आणि सांधा निसटण्याला एकच म्हणतात, ‘जबडा सरकला’. कायद्याला फरक पडत नाही: पूर्वी दंड संहितेचं कलम ३२०, आता न्याय संहितेचं ११६, हाड किंवा दात मोडला काय, निखळला काय, दुखापत जबरच.

गोदाकाठची
कोडला मात्र पडतो. निखळणं एस०३.० मध्ये, वेगळ्याच घरात. म्हणून ‘सरकला’ ऐकलं की मी एक्सरे मागते.
मूळ प्रश्न तसाच आहे हो. तूर्त मी असं लिहिलंय: ‘खालच्या जबड्याचं हाड डावीकडे मोडलं आहे. त्या जागी हिरडी फाटून तोंडात जखम झाली आहे.’ त्या आईने वाचून मान हलवली. पण छापील फॉर्ममध्ये निदानाला एकच ओळ आहे, त्यात हे मावत नाही.

वैद्यबुवा
म्हणूनच म्हणतो, सव्रण. तीन अक्षरं.

दातांचा डॉक्टर
ओळ वाढवून घ्या ताई. छपाईवाल्याला सांगायचं काम आहे.

निफाडची लेक
आत्ता आईला फोन केला. ती म्हणते, दाभाड जनावराचंच. माणसाचं दाभाड म्हटलं तर ती शिवी.

शब्दवेडा
आमच्याकडे जाभाड माणसाचंही चालतं. येवल्याकडचं कुणी आहे का इथे?