विषय: तलावातल्या बेटावरचं शिबिर, आपण काय करू शकतो?

मंडळी, नमस्कार.

मे महिन्यात आठवडाभर मेन राज्यातल्या हॉग आयलंडवर राबून आलो. ऑडबन या पक्षीसंवर्धन संस्थेचं निसर्ग शिबिर तिथं १९३६ साली सुरू झालं. हंगामाआधी जुने शिबिरार्थी आणि स्वयंसेवक जमून बेट 'उघडतात', म्हणजे गाद्या झटकायच्या, खिडक्या पुसायच्या, उडालेला रंग पुन्हा द्यायचा. माझ्या वाट्याला भांडी आली. पक्षी बघायला गेलो आणि चार दिवस पातेली घासली!

याच शिबिरात शिकवणाऱ्या स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून न्यूफाउंडलंडहून पफिन या समुद्रपक्ष्याची पिल्लं आणून जवळच्या ईस्टर्न एग रॉकवर वाढवली. मोठ्या पक्ष्यांना भरवसा वाटावा म्हणून खडकावर लाकडी पफिन मांडले. तिथं पुन्हा घरटी झाली ती थेट १९८१ साली.

पातेली घासताना आपला मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला गावचा तलाव, आठवत होता. त्यातही बेट आहे, आणि गुरुजी दर डिसेंबरात पोरं नेतात. आपल्या शाळेचे आपण सातआठ जण या मंडळात आहोत. काही करूया का?

– मेनहून

---

भाऊ, मस्त कल्पना. वीस तंबू, सोलर दिवे आणि शाळेचं नाव छापलेले टी-शर्ट, एवढं माझ्याकडून. नाताळात आम्ही येतोच आहोत, मुलांनाही एक रात्र बेटावर ठेवू. गुरुजींना विचारून घ्या.

– न्यू जर्सीहून

---

पोट्ट्यांनो,

तुमचे मेल नातवानं वाचून दाखवले. मी सांगतो तसं तोच टाइप करतो आहे, चुका त्याच्या.

तंबू नकोत. डिसेंबरात पोट्टे शाळेतल्या सतरंज्यांवर झोपतात, शेकोटी असते. सकाळी डोंग्यातून तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, येताना अडई बदकं आणि कमळपक्षी मोजतात, वहीत लिहितात. यात पैशाचं काम नाही. डोंगा ढिवरांचा, तेही पैसे घेत नाहीत. मी पोरांकडून त्यांची जाळी सुकवून घेतो.

अडचण बेशरमीच्या झुडपांची आहे. तलावाचा अर्धा काठ तिनं खाल्ला. कमळपक्ष्याला पानं उरली नाहीत, मासळीला चारा उरला नाही. मागं कोणीतरी ती कापून पाळीवरच टाकून गेलं. ओल्या मातीत पडलेल्या प्रत्येक कांडीला मुळं फुटली, एकाच्या दहा झाल्या. ती मुळासकट उपटावी लागते आणि तलावापासून दूर नेऊन वाळवून जाळावी लागते. हे काम पाणी उतरल्यावरच होते, म्हणजे मे महिन्यात. तेव्हा इथं पंचेचाळीस अंश असते. पहाटे पाच ते नऊ काम, मग घरी. गावातली माणसं तेव्हा तेंदूपानाला जातात, त्यांची मजुरी बुडवून मी त्यांना बोलावू शकत नाही. हात कमी पडतात ते तिथं.

लाकडी पक्षी मांडायची आपल्याला गरज नाही. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या शिवारात सारसाच्या जोडीनं धानाच्या बांधीत घरटं केलं. शेतकऱ्यानं तेवढा तुकडा निंदला नाही, आणि चिखलात उभा राहून पोरांनाही जवळ येऊ दिलं नाही. त्याचं धान थोडं गेलं. मी त्याला काय दिलं? शाळेत बोलावून चहा पाजला. टी-शर्टाचे पैसे उरत असतील तर त्याच्या बांधीचा हिशोब करा.

आणि मेनवाल्या, तू दहावीत असताना बेटावरून पहिला पळून घरी आला होतास, अंधाराला भिऊन. भांडी घासलीस हे ऐकून बरं वाटलं.

– गुरुजी

---

गुरुजी, नमस्कार. ते कोल्ह्याच्या ओरडण्यामुळं होतं, अंधारामुळं नाही.

तिकीट काढलं, १० मे ते २४ मे. सोबत न्यू जर्सीवालेही दोघं आहेत, टी-शर्ट न घेता. सारसवाल्या दादांचा हिशोब तुम्ही कळवा, पैसे आधी पाठवतो. फावडी, हातमोजे काय आणू? आणि बेटावर जायला डोंगा आताच सांगून ठेवाल का?

– मेनहून

---

हातमोजे आण. चीक अंगाला लागला की खाज सुटते. फावडी इथं आहेत.

मे महिन्यात डोंगा कशाला लागतो? तेव्हा बेट नसतेच. चालत जायचे.

– गुरुजी